ओरखड्यांची तबकडी

‘ग्रान टुरिस्मो’मधील १९९७च्या गाड्या कोनाकोनांच्या, खोक्यांसारख्या होत्या. २००१मध्ये प्लेस्टेशन २वर त्यांना बाक आला, चकाकी आली आणि आम्ही थक्क झालो. २०२२च्या सातव्या भागात मात्र प्लेस्टेशन ४ व ५ यांमधील फरक शोधण्यासाठी आम्हांला पडद्याला नाक लावावे लागले (दोष केवळ चाळिशीचा नसावा). रे-ट्रेसिंगची प्रतिबिंबे तर आरंभी प्रत्यक्ष शर्यतीत नव्हतीच. ती रिप्लेमध्ये दिसत!

एवढ्याशा चकाकीसाठी नवे यंत्र घ्यायचे, आणि खेळ किती टिकणार? २०१८चा ‘फोर्झा होरायझन ४’ परवाने संपत आल्याने डिसेंबर २०२४मध्ये विक्रीतून गेला. २०१४चा ‘द क्रू’ तर ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाल्यावर विकत घेतलेल्यांनाही खेळता येईना. आमच्या कपाटातील १९९७ची तबकडी ओरखड्यांसह अजून चालते.