दोन गावे, एक गदारोळ

वॉशिंग्टनला जाणारा मराठी माणूस व्हाइट हाउस पाहतो, लिंकनच्या पुतळ्यापुढे फोटो काढून घेतो आणि कृतार्थ होतो. एफ स्ट्रीटवरच्या ९३० क्रमांकाच्या इमारतीपुढे तो सहसा थांबत नाही. मी थांबलो, तो भाच्याच्या हट्टामुळे. १९८० साली इथे ‘नाइन-थर्टी क्लब’ निघाला आणि गावातल्या ‘हार्डकोअर’वाल्या पोरांना एक रंगमंच मिळाला. १९९६ मध्ये क्लब दुसरीकडे गेला.

हार्डकोअर म्हणजे अंगणात विटांचा ट्रक रिकामा व्हावा तसा आवाज! पण कूळ कळले म्हणजे कान थोडे सावरतात. मूळपुरुष पंक. न्यूयॉर्कच्या ‘रामोन्स’ मंडळींनी १९७६ च्या पहिल्या तबकडीत चौदा गाणी अर्ध्या तासाच्या आत उरकली. वॉशिंग्टनच्या ‘बॅड ब्रेन्स’ या चार कृष्णवर्णीय तरुणांनी नावच रामोन्सच्या एका गाण्यावरून घेतले. पूर्वी जॅझ वाजवलेले. हात तयार होता. पंकची लय त्यांनी आणखी चढवली. त्यांच्यामागून आलेल्या ‘मायनर थ्रेट’चे ‘स्ट्रेट एज’ हे व्यसनांना नकार देणारे गाणे जेमतेम पाऊण मिनिटाचे. तेवढ्यात आपल्याकडे तंबोरेही जुळत नाहीत!

क्लबात दारू मिळे. मग अल्पवयीनांनी गाणे ऐकावे कसे? सॅन फ्रान्सिस्कोहून पोरांनी युक्ती आणली : हातावर काळी फुली मारायची, म्हणजे याला दारू देऊ नये. मनाईची ती खूण पुढे मुलांनी अभिमानाने मिरवली. ‘मायनर थ्रेट’चे इयान मकाय आणि जेफ नेल्सन यांनी १९८० मध्ये स्वतःची ‘डिस्कॉर्ड’ कंपनी काढली. पहिल्या तबकड्यांची पाकिटे घरी कात्री-डिंकाने चिकटवली. मकायच्या पुढच्या ‘फुगाझी’ने तिकीट पाच डॉलरांच्या आसपास आणि दार सर्व वयांना खुले ठेवले.

तिथून साठ-पासष्ट किलोमीटरांवर बाल्टिमोर. २०१० साली निघालेले ‘टर्नस्टाइल’ इथले. त्यांच्या २०२१ च्या ‘ग्लो ऑन’मध्ये गोड चाली आहेत, सिंथेसायझर आहे, ग्रॅमीची नामांकनेही झाली. जुने रसिक म्हणतात, दुधात पाणी पडले.

वायमन पार्क डेलच्या हिरवळीवर बसून मी भाच्याला तेच विचारले. तो म्हणाला, “मामा, मे २०२५ मध्ये हे लोक इथेच फुकट वाजवून गेले. बेघरांच्या औषधपाण्यासाठी देणग्या गोळा केल्या. हजारो माणसं होती, कडेवरची पोरंसुद्धा.”

लय पिढीगणिक बदलते, घराण्यांतही बदलते. पण मोठे झाल्यावर दाराशी दरवान उभा करायचा की नाही, यावर घराण्याची खरी परीक्षा होते. पाच डॉलरांची रीत हजारोंच्या गर्दीत टिकवणे अवघड. त्या खोलगट हिरवळीला कुंपण घातले नव्हते, एवढ्यावरून तरी मी टर्नस्टाइलला त्याच कुळातले मानतो.

गोड चाली मात्र मला अजून तितक्याशा गोड लागत नाहीत.