लोणारहून येरळीकडे

कोकणच्या खाड्यांत शिंगटी नावाचा मिशाळ मासा मिळतो. शास्त्रात तो मिस्टस गुलियो; हॅमिल्टनने 1822 साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याची नोंद केली. समुद्रालगतचे खारे पाणी त्याला चालते आणि नदीचे गोडेही. लोणारचे खारे सरोवर, मेहकरची पैनगंगा, पूर्णाकाठचा खारपाणपट्टा हे सारे एकट्या बुलढाणा जिल्ह्यात आहे, तरी शिंगटीचे घर इथे नाही. त्याचे कारण शोधत मी लोणारहून मेहकर, चिखली, बुलढाणा करत राजूर घाट उतरलो आणि नांदुऱ्यापुढे पूर्णेवरच्या येरळीच्या पुलावर पोचलो. माझे मत असे झाले, की या माशाला खारे आणि गोडे पाणी नुसते असून भागत नाही. दोन्हींना जोडणारी वाहती नदी लागते.

लोणारात मीठ आहे, पण त्याहून घातक आहे तिथला क्षार. पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो. एवढ्या क्षारात माशाला कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकता येत नाही आणि तो शरीरातच साचतो. कोणी म्हणेल, केनियातल्या मागाडी सरोवरात तिलापिया जगतोच ना? जगतो, कारण तो अमोनियाऐवजी युरिया टाकतो; ती सोय त्याच्या वंशात तिथेच पिढ्यान्‌पिढ्या घडली. शिंगटीचे शरीर वेगळ्या कामात तरबेज आहे: खाऱ्यात समुद्राचे पाणी पिऊन मीठ कल्ल्यांतून काढणे, गोड्यात आत शिरणारे जादा पाणी पातळ मूत्रावाटे टाकणे. खारपाणपट्ट्याचे मचूळ पाणी तर जमिनीखाली, विहिरींत. तिथून समुद्राला वाट नाही.

घाटमाथ्यावरची पैनगंगा वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशी बंगालच्या उपसागराला जाते. घाटाखालची पूर्णा तापीला मिळून सुरतेजवळ अरबी समुद्राला. म्हणजे वाटा दोन आहेत. पण तापीवर काकरापार, उकाई, हतनूर ही धरणे आणि गोदावरीवर 1852 पासून धवळेश्वरमचा बंधारा आडवा आहे. धरणे नसती तरी शिंगटी येरळीपर्यंत चढली असती का? नाही, भरतीच्या टापूतला मासा शेकडो किलोमीटर वर येत नाही. मात्र तापी-गोदावरीच्या मुखाशी खाड्यांत येणाऱ्या गोड्या पाण्यात इथल्या पुराचाही वाटा असतो. दुष्काळी, सिंचनाचा अनुशेष असलेल्या जिल्ह्याने पाणी समुद्रात का वाया घालवावे, हा आक्षेप मला मनापासून समजतो. पिण्याचे आणि शेतीचे पाणी आधीच. तरीही पुराचा जो वाटा खाडीपर्यंत पोचतो त्यावर मासे आणि मच्छीमार जगतात, त्याला वाया गेलेले म्हणता येणार नाही. येरळीच्या याच पूर्णेवर जिगाव प्रकल्प होतो आहे. तिथे किती पाणी अडवायचे हे ठरवताना पावसाळ्यात किती सोडायचे, हेही बुलढाणेकरांनी आग्रहाने विचारावे.