हलकं करायचं, पण कुठून?

गाडी जोरात पळवायची तर वजन उतरवा आणि घर्षण कमी करा, हे शाळेतच शिकलो होतो. म्हणून शेजारच्या काकांनी माझ्या स्लॉट कारच्या पोटाला शिसं चिकटवायला सांगितलं, तेव्हा मला काहीच उमगेना.

काकांनी जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर म्हणून उभी हयात काढलेली. ताईने भाच्यासाठी जर्मनीहून कॅरेराचा स्लॉट कारचा संच आणला आणि सुट्टी संपल्यावर संच आमच्याकडेच राहिला. खेळ जुना आहे. इंग्लंडमध्ये स्केलेक्स्ट्रिक 1957 मध्ये आलं, जर्मनीत कॅरेरा 1963 मध्ये. ट्रॅकमधल्या खाचेत गाडीची जीभ अडकते, तिच्या दोन्ही बाजूंचे तारेचे ब्रश पट्ट्यांवरून वीज घेतात आणि हातातल्या ट्रिगरने फक्त वेग कमीजास्त होतो. वळवायचं काम खाच करते. वेग जास्त झाला की वळणावर जीभ खाचेतून निघते आणि गाडी थेट दिवाणाखाली जाते.

काकांनी आधी मागचं चाक बोटाने फिरवलं. “बाबू, हे पाय, किती लवकर थांबते. वजनाचं मागून पाहू.”

मग त्यांनी गाडी उघडली. कणा पितळी बुशमध्ये फिरतो. पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यात राहून ते एवढंसं कडं मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्यात केस गुंडाळलेला होता, गालिच्याचे धागेही होते. ते चिमट्याने काढल्यावर काकांनी सुईच्या टोकावर पातळ तेलाचा थेंब घेतला आणि बुशच्या कडेला नुसता टेकवला. जास्त तेल धूळ ओढतं आणि ओघळून टायरवर गेलं की पकडच जाते. घर्षण सगळीकडे शत्रू नसतं, हा माझ्यासाठी पहिला धक्का. कण्यावर, गियरच्या दात्यांत ते नको. टायरखाली मात्र हवंच हवं. म्हणून गाडी चालू ठेवून मागची चाकं बारीक पॉलिश पेपरवर हलकेच टेकवायची, म्हणजे टायर गोल आणि सपाट घासला जातो. ब्रशचंही तसंच. ते ताठ उभे राहिले तर जिभेलाच वर उचलतात. हाताने पसरून सपाट केले की वीज नीट मिळते आणि गाडीही खाली बसते.

वजनाचा गुंता याहून मोठा. आमच्या भागातल्या शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, छकडी हलकी असते, तशीच ही गाडी सगळीकडून पोखरायची, असं माझ्या डोक्यात. काकांचा सवाल वेगळा: वजन आहे कुठे? छताजवळचा प्रत्येक ग्राम वळणावर गाडीला बाहेर कलंडवतो, म्हणून आतली सीट आणि ड्रायव्हरची जाड बाहुली काढून पातळ प्लास्टिकचा तुकडा बसवायचा. चाकाच्या कडेवरचा ग्रामही महागात पडतो, कारण मोटरला तो पुढेही ढकलावा लागतो आणि फिरवावाही लागतो. हिशेब जवळजवळ दुप्पट. आणि इतकं सगळं उतरवल्यावर जमिनीलगत, जिभेच्या मागे, शिशाचा चपटा तुकडा. मासे धरायच्या जाळ्याला लावतात त्या गोळीला हातोडीने ठोकून केलेला. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, हे काकांनी दोनदा बजावलं. हा तुकडा जिभेला खाचेत दाबून ठेवतो. सरळ पट्टीवर त्याने किंचित वेग जातो, पण वळणात ट्रिगर सोडावा लागत नाही, आणि फेरीचा वेळ वळणातच ठरतो.

बॉडीचे स्क्रू थोडे सैल सोडायचे, हे तर मला अजूनही पचत नाही. बॉडी जरा हलली की तिचे झोके खालच्या सांगाड्यापर्यंत पोचत नाहीत, असं काका म्हणतात. आणि गाडी खरंच कमी उसळते.

आता वाद आहे गाडीच्या पोटातल्या चुंबकाचा. तो ट्रॅकमधल्या लोखंडी पट्ट्यांकडे ओढला जातो, म्हणजे वजन न वाढवता गाडी खाली दाबून धरतो. पण तोच दाब कण्यावरही येतो आणि मोटरला ओढ लागते. चुंबक काढला की सरळ पट्टीवर गाडी मोकळी सुटते, वळणात मात्र शेपटी फेकते. भाच्याला चुंबक हवाच आहे. माझं मत, काढावा. शेपटी कुठे सुटते ते ट्रिगरवरच्या बोटाला कळतं आणि खरी मजा तिथेच आहे. दिवाळीत तो आला की दोन्ही तऱ्हांनी घड्याळ लावून पाहू. वेळ मोजायला काका बसणार आहेत.