जुन्या वासोट्याचे रान

वासोट्याला जाणारी मंडळी नव्या किल्ल्यावर चढतात, मारुतीला नमस्कार करतात, बाबू कड्यावरून खाली डोकावून ‘बाप रे!’ म्हणतात आणि फराळाचे डबे सोडतात. कड्यापलीकडे माथ्यापर्यंत झाडीत बुडालेला एक डोंगर असतो. त्याच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. तो जुना वासोटा. नव्याहून उंच, आणि म्हणूनच नव्याचा वैरी.

१८१८ च्या एप्रिलात सातारकर छत्रपतींच्या घरची माणसे आणि दोन इंग्रज अधिकारी नव्या किल्ल्यात पेशव्यांच्या कैदेत होते. इंग्रजांनी जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या, तेथून मारा केला आणि किल्ला पडला. पुस्तकात ही हकिकत दोन ओळींत आटोपते. पण या रानातून नुसती पाण्याची बाटली वर नेताना जीव मेटाकुटीला आला की, त्या तोफा कुणाकुणाच्या खांद्यांवरून गेल्या असतील, हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही.

आम्ही कॉलेजातले चौघे १९९८ च्या फाल्गुनात गेलो, ते वनखात्याची परवानगी काढून. बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडला. बरोबर साठीचे एक वाटाडे होते. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. शिवरात्र नुकतीच झाली होती. नागेश्वराच्या यात्रेकरूंनी खालची वाट चांगली मळली होती. मामांनी ती मध्येच सोडली आणि कारवीत शिरले.

मग वाट अशी नाहीच. कारवीच्या वाळक्या काठ्या कडाकडा मोडायच्या, शिकेकाईचे काटे सदऱ्याला धरून बसवायचे. खालच्या उतारावर कुसुंबाला अशी तांबडी पालवी, की लांबून फुलेच वाटावीत. वर चढावे तसा उजेड कमी होत गेला: जांभूळ, पिसा, हिरडा आणि अंजन. अंजनाच्या फांद्यांना निळ्या फुलांचे झुबके चिकटलेले. वसंत म्हटला की आम्हां मराठीच्या मास्तरांना आंबा आणि कोकिळा आठवते. सह्याद्रीचा वसंत निळा असतो, हे मला तोवर कुणी शिकवले नव्हते.

मामा मात्र झाडे पाहत नव्हते, जमीन पाहत होते.

“हितनं गुरांची वाट व्हती,” एकदा थांबून म्हणाले. “गुरं गेली, वाट बी गेली.”

कोयनेचे धरण झाले तेव्हा खोऱ्यातली शेते बुडाली. १९८५ साली अभयारण्य झाले, आणि त्यापायी आणखी काही गावे उठली. माणूस हलला तसे रान दाटले. २०१० साली हा मुलूख सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आला. आता आमच्यासारखे वाट सोडून भटकणे तेथे चालत नाही, आणि ते योग्यच आहे. वाघाला रान हवे, हे मला पटते. पण मामांच्या तोंडावर ते बोलायला माझी जीभ रेटली नसती.

माथ्यावर पोचलो, पण माथा दिसेना, झाडीच झाडी. कड्याच्या कडेला जरा उघडीप मिळाली. समोर, आमच्याहून खाली, नव्या किल्ल्यावर मुंग्यांएवढी माणसे फिरत होती. आम्ही तिकडे पाहून हात हलवू लागलो. मामांनी पूर्वेकडे तोंड केले. फांद्यांतून जलाशयाची एक निळी पट्टी दिसत होती.

“त्या वाकणाच्या अलीकडं आमचं भाताचं खाचर,” ते म्हणाले. “आता चला पोरांनो, लाँच थांबायची न्हाई.”