अक्षतांचे चौकोन

सडक अर्जुनीत मी व्हिडिओ शूटिंगच्या धंद्यात पडलो, तेव्हा कॅमेऱ्यापेक्षा गिऱ्हाइकाच्या घरचा प्लेअर मोठा मालक होता. शूटिंग कसं झालं हे लोक नंतर विचारायचे. आधीचा प्रश्न ठरलेला, "भाऊ, आमच्या टीव्हीवर चालन ना?" त्यांचा तो स्वस्तातला डबा फक्त व्हीसीडी वाचायचा. त्याला वाचता येईल अशा रूपात लग्न उतरवून देणं, हेच माझं खरं काम.

मिनी डीव्हीची तासाभराची कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली की सुमारे १३ जीबी व्हायची. व्हीसीडीत तिचा जेमतेम विसावा हिस्सा उरायचा, चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. जुन्या पेंटियमवर कन्व्हर्ट व्हायला रात्र जायची, आणि मध्ये भारनियमन आलं की पुन्हा पहिल्यापासून. एका सीडीत ८० मिनिटं. मंडईच्या जत्रेतलं झाडीपट्टीचं नाटक पहाटेपर्यंत चालणारं, त्यामुळे खलनायक मरायला टेकला की सीडी बदलायला कोणीतरी उठायचं.

एवढं लग्न एवढ्याशा जागेत बसायचं, कारण व्हीसीडीतली चित्र आवळायची एमपेग पद्धत एखादीच फ्रेम पूर्ण ठेवते, पुढच्या फ्रेमांत काय बदललं तेवढंच लिहिते. व्हीसीडीत चित्राला सेकंदाचा कोटा ११५० किलोबिट, कमी नाही, जास्त नाही. मंगलाष्टकं चालू असताना सगळे उभे, कोटा पुरून उरायचा. शेवटच्या 'सावधान'ला शेकडो हातांतून अक्षता उडाल्या, वाजंत्री सुरू झाली, की अख्खी चौकटच एकदम बदलायची. नवरा-नवरीच्या तोंडावर चौकोनच चौकोन. ज्या क्षणासाठी बापाने कर्ज काढलं, नेमका तोच फाटलेला. "सीडी खराब दिली," म्हणून लोक परत यायचे. मी दुसरी मारून द्यायचो, तिच्यातही तेच.

डीव्हीडीने हा जाच संपवला. ४.७ जीबी जागा, ७२० बाय ५७६ चित्र आणि कोटा कमी-जास्त करायची मुभा. सॉफ्टवेअर लग्न दोनदा पाहायचं. पहिल्या फेरीत धावपळ कुठे आहे ते हेरायचं, दुसऱ्या फेरीत तिथे हात सैल सोडायचं. अक्षता अक्षतांसारख्या दिसू लागल्या.

आता त्याच घरांतली पोरं जुन्या व्हीसीड्या घेऊन येतात, पेनड्राइव्हवर एमपी४ हवं असतं. मूळ कॅसेटी उरल्या नाहीत. त्या महाग, म्हणून पुढचं लग्न त्यांच्यावरच चढायचं. पोरं माझ्या शेजारी बसून बघतात. नवरा-नवरीला पुढे ढकलतात आणि पंगतीपाशी ओरडतात, "थांबवा, थांबवा!" मांडवाच्या खांबाला टेकून आजोबा बसलेत, मांडीवर दुपट्टा, अंगावर लाइट पडला तरी ढिम्म. त्यांच्यावर एकही चौकोन नाही. जागचे हलले नाहीत, म्हणून तेवढ्याशा कोट्यातही ते साफ आले. मी मात्र इतकी वर्षं अक्षतांचाच घोर लावून घेतला होता.

मग पुढची मागणी येते. आजोबांचा चेहरा मोठ्या टीव्हीसाठी आणखी साफ करा. तसं सॉफ्टवेअर आता मिळतं. नसलेल्या ठिपक्यांच्या जागी ते अंदाजाने नवे भरतं, सुरकुत्या पुसतं, डोळे कोणा भलत्याचेच बसवतं. ते मी करून देत नाही. २८८ ओळींत आजोबा जेवढे आले तेवढेच देतो आणि सांगतो, टीव्हीपासून चार हात मागे सरकून बसा.