आगेऱ्याच्या लोंब्या

दिवाळी अंकात प्रवासवर्णन लिहायचे तर लेखकाने निदान काश्मीरपर्यंत तरी जाऊन यावे, असा एक संकेत आहे. माझा प्रवास दादर ते विरार एवढाच झाला. तोही रविवारी सकाळी, गर्दीच्या उलट दिशेने, चक्क खिडकीशी बसून. तेव्हा हालअपेष्टांचे वर्णन करण्याचीही सोय उरली नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

झाले असे की, आमच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणारे माझे एक सहकारी वसईकडचे, नंदाखाल गावचे. गेली सात-आठ वर्षे सप्टेंबर संपत आला की ते मला न चुकता म्हणत, “सर, आगेऱ्याला या.” मीही न चुकता “येतो, येतो” म्हणे आणि जात नसे. आगेरा म्हणजे तिकडच्या ख्रिस्ती लोकांचा नव्या पिकाचा सण. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात, त्यांना आशीर्वाद मिळतो आणि त्या घरी येतात. यंदा मी गेलो. का गेलो, ते पुढे येईलच.

भाईंदर मागे पडले, मिठागरे दिसली आणि गाडी खाडीच्या पुलावर आली. या खाडीवर पोचले की मराठी माणसाला चिमाजी अप्पा आठवतात. १७३९ साली त्यांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली. किल्ला आपल्याकडे आला, फिरंगी गेले. पण त्यांच्या दोनशे वर्षांत जे ख्रिस्ती झाले होते ते इथेच राहिले. ते जाणार कुठे? त्यांची शेते इथली, विहिरी इथल्या, भाषा इथली. ते सगळे राजीखुशीने ख्रिस्ती झाले, असे इतिहास म्हणत नाही. आणि मलाही ते गोड करून सांगायचे नाही. पण बीज कोणत्या हाताने टाकले हा एक प्रश्न आणि ते कोणत्या मातीत वाढले हा दुसरा. मला त्या दुसऱ्यात रस होता.

त्याचे कारण माझ्या पेशात आहे. मी मराठीचा अध्यापक. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ मी वर्षानुवर्षे शिकवतो. म्हणजे काय, तर कर्ता जन्माने इंग्रज, १५७९ मध्ये गोव्यात आला; ग्रंथ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापला; ओव्या सुमारे अकरा हजार; भाषावैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे. विद्यार्थी ते उतरवून घेतात, परीक्षेत ओकतात आणि विसरतात. खरे सांगायचे तर मीही तास संपल्यावर विसरत असे. या माणसाने बायबलातली कथा ओवीत का घातली असेल, त्या ओव्या ऐकणारा शेतकरी घरी गेल्यावर त्यांचे काय करीत असेल, हा विचार मला कधी शिवला नव्हता.

विरारला उतरून आम्ही आगाशीच्या वाटेला लागलो. बोळिंजपाशी म्हाडाच्या इमारती इतक्या उंच झाल्या आहेत, की टोक पाहताना टोपी पडावी. माझ्या डोक्यावर टोपी नव्हती म्हणून वाचलो. त्या ओलांडल्या आणि एका वळणावर रस्ता एकाएकी अरुंद झाला. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आल्या, माड आले आणि मोगऱ्याची बुटकी झुडपे दिसू लागली. एका नाक्यावर चुन्याने रंगवलेला क्रूस होता आणि त्याच्या गळ्यात झेंडूचा हार. हा झेंडू पाहून मला हायसे वाटले. पाहुण्याच्या घरी जाताना ओळखीचे कोणी आधीच जाऊन बसलेले दिसावे, तसे.

नंदाखालचे चर्च पवित्र आत्म्याच्या नावाचे आहे. त्याची स्थापना १५७३ची. आवार माणसांनी भरले होते. लाल लुगडी नेसलेल्या कुपारी म्हाताऱ्या, कडक इस्त्रीचे सदरे घातलेले पुरुष, हातात मोबाइल आणि काखेत लोंब्यांची जुडी घेतलेली तरुण मुले. त्या म्हाताऱ्या आपसांत जी सामवेदी बोली बोलत होत्या, तिच्यातले निम्मे माझ्या पदव्युत्तर पदवीला कळले नाही. मिस्सा मात्र स्वच्छ मराठीत झाली. पूर्वी ती लॅटिनमध्ये होत असे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषेला वेदीपर्यंत वाट मिळाली. त्या वाटेने याच गावचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो किती पुढे गेले, ते मराठी वाचकांना ठाऊक आहे: ‘सुबोध बायबल’ आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. त्यांच्या गावात उभे राहून त्यांची आठवण येणे साहजिक होते. पण त्या दिवशी ती आठवण मला निराळ्याच कारणाने व्हायची होती.

लोंब्यांवर पवित्र पाणी शिंपडले गेले. ती सोनेरी जुडी पाहून मला आमच्या कोकणातल्या घराचा दरवाजा दिसू लागला. आमच्याकडेही दसऱ्याच्या सुमारास ‘नवे’ बांधतात. भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांत गुंडाळून दाराला लावतात. मी मुंबईत आलो तरी माझे थोरले भाऊ दर वर्षी एक जुडी येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर माझ्या दारासाठी धाडीत. सहा वर्षांपूर्वी ती यायची बंद झाली. आई गेल्यावर दादाने परसातला फणस मला न विचारता तोडून लाकडाला विकला. फणस एक, पण त्यावर जी पत्रे गेली-आली ती लाकडापेक्षा जड होती. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. या गोष्टीचा आगेऱ्याशी काही संबंध आहे असे घरून निघताना मला वाटले नव्हते. निदान मी तसे कबूल केले नव्हते.

सहकाऱ्यांच्या घरी जेवण झाले. तांदळाच्या भाकऱ्या, मासे, आणि शेवटी खीर. तिच्यात आशीर्वादाचे चार दाणे सोलून टाकलेले. मग त्यांचे वडील मला वाडी दाखवायला घेऊन गेले. वय ऐंशीच्या पुढे, अंगात बनियन, कानाने थोडे कमी. सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. ते मला ‘मास्तर’ म्हणत.

पानवेलीच्या रांगा होत्या. पांगाऱ्याच्या आधाराने वेल डोक्याच्या वर गेलेली. मी मोठ्या उत्साहाने, आपल्यालाही काही येते हे दाखवण्यासाठी, म्हणालो, “बाबा, येशूने स्वतःला वेल म्हटले आहे नाही?”

“ती द्राक्षाची,” बाबा म्हणाले. “आमची पानाची. द्राक्ष छाटतात. ही उतरवावी लागते.”

“म्हणजे?”

“वर वर चढते ना, मग पान बारीक येतं. वर्षातून एकदा खाली घ्यायची, गुंडाळून मातीत पुरायची, शेंडा तेवढा वर ठेवायचा. पुरलेल्या पेरांना नवी मुळं फुटतात. नाही उतरवली तर उंच दिसते, पण पान खायच्या लायकीचं नाही.” एवढे बोलून ते पुढे चालू लागले. प्रवचन वगैरे काही नाही. मी मात्र तिथेच दोन मिनिटे उभा राहिलो.

मला ‘स्मृतिचित्रे’ आठवली. लक्ष्मीबाई टिळकांचे ते पुस्तक मी शिकवतो तेव्हा मुले विचारतात, “सर, धर्मांतर म्हणजे मोठा तात्त्विक प्रश्न असणार, मग यांत सगळं पाणी नि स्वयंपाकच कसा?” रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर लक्ष्मीबाईंची पाच वर्षे गेली ती कोणाच्या हातचे पाणी प्यावे, कोणाच्या चुलीवरचे खावे, यातच. मी आजवर मुलांना काहीतरी जडशीळ उत्तर देत आलो. पानमळ्यात वाटले, तत्त्वाला राहायला दुसरी जागा असते तरी कुठे?

वाडीच्या टोकाला विहीर होती. जुनी, दगडी, रहाटाच्या खुणा अजून काठावर असलेली. मी ओंजळभर पाणी तोंडात घेतले आणि थुंकलो. मचूळ.

बाबा हसले. “गोडं होतं. आम्ही लहानपणी हेच प्यायचो.”

मग त्यांनी विहिरीच्या काठावर बसून जे सांगितले, ते मी माझ्या शब्दांत सांगतो. विहीर दोघा भावांची सामायिक. पाण्याच्या पाळ्या बापाने लावून दिलेल्या. पुढे मुंबईची उपनगरे वाढली आणि टँकरवाले गावात येऊ लागले. थोरल्या भावाने आपल्या पाळीचे पाणी विकायला सुरुवात केली. पंप रात्रंदिवस चाले. समुद्र जवळ, जमिनीखालचे गोडे पाणी उपसले की खारे आत शिरणारच. एका उन्हाळ्यात पानवेल करपली. तेव्हा, १९८०च्या दशकाच्या अखेरीस, फादर दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली होती. बाबा तिच्या मोर्च्यांत होते. थोरल्याचे टँकर ज्या रस्त्याने जात, त्याच रस्त्यावर धाकटा घोषणा देत उभा. मधला गडगा तेव्हाच घातला गेला. अकरा वर्षे बोलणे नाही.

“चूक त्याची होती,” बाबा म्हणाले. “आजही म्हणतो. त्याची होती.”

मी मान डोलावली. मला ती मान डोलवायला फार बरे वाटले.

“एका आगेऱ्याला लोंब्या घेऊन निघालो. चर्चच्या फाटकाशी आलो नि आठवलं. मत्तयच्या शुभवर्तमानात आहे बघा, मास्तर. वेदीकडे दान घेऊन जाताना भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी भावाकडे जा.” ते थांबले. “किती वर्षं ऐकलं होतं. मला वाटायचं, हे त्याला सांगितलंय; चूक त्याची ना! त्या दिवशी नीट लक्षात आलं. चूक कोणाची, ते तिथं विचारलेलंच नाही. भावाच्या मनात काही आहे, एवढंच. आणि त्याच्या मनात होतं. मोर्च्यात मी त्याला चारचौघांत चोर म्हटलं होतं.”

“मग?”

“मग काय, परत फिरलो. त्याच्या ओट्यावर गेलो. आतून म्हणाला, काय पाहिजे? मला तर काही बोलायला सुचेना. म्हटलं, तुझ्याकडं औंदा भात नाही लावलंस, लोंब्या कुठनं आणणार? ह्या घे अर्ध्या. वहिनी बाहेर आली, तिनं दोरा आणला, जुडीच्या दोन जुड्या केल्या. मिस्सा अर्धी झाली होती. दोघं मागं उभे राहिलो.”

“आणि त्यांनी पाणी विकणं बंद केलं?”

“त्याच्या आधीच बंद पडलं होतं. खारं पाणी कोण घेतो?” बाबा म्हणाले. “माफी-बिफी त्यानं कधी मागितली नाही. चार वर्षांनी गेला. विहीर अजून मचूळच आहे. पण गडग्याला ते बघा.” गडग्यात माणूस जाईल एवढी फट होती. तिथले दगड काढून जवळच रचून ठेवले होते. कोणी पुन्हा लावायचे म्हटले तर लावता यावेत असे.

मी काही बोललो नाही. महाविद्यालयात तासभर बोलणाऱ्या माणसाला असे प्रसंग जड जातात.

निघताना घरच्या आजींनी मागच्या हंगामातल्या सुकेळ्यांची पुडी दिली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि केळीच्याच सोपटात बांधायची. महिनेच्या महिने टिकतात आणि खाताना मधासारखी लागतात. त्यावर बाबांनी लोंब्यांची एक जुडी ठेवली. “तुमच्यात चालेल ना, मास्तर?” त्यांनी विचारले. दारातल्या झेंडूकडे मी पाहिले आणि म्हणालो, “चालेल. आमच्याकडे ‘नवे’ म्हणतात.”

परतीच्या गाडीत गर्दी होती. जुडी मोडू नये म्हणून मी ती छातीशी धरून उभा होतो. एका गृहस्थांनी विचारले, “पूजेची का?” मी “हो” म्हणालो. दुसरे काय सांगणार?

घरी हिने दार उघडले. लोंब्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिले आणि काही न विचारता स्टूल आणून दाराशी ठेवले. चौकटीवर जुना खिळा होता. त्याला सहा वर्षांपूर्वीच्या जुडीचा दोरा अजून गुंडाळलेला. भात केव्हाच चिमण्यांनी नेले होते. मी त्याच दोऱ्याने नवी जुडी बांधली. मग स्टुलावरून न उतरताच फोन लावला.

वहिनींनी उचलला. “थांबा, भाऊजी, देते त्यांना,” एवढेच म्हणाल्या; मी त्यांनाच सकाळी बोललो होतो, अशा सुरात. मग बराच वेळ फोनमधून फक्त अंगणातला आवाज येत होता. कोणीतरी बादली ठेवली.

“हं,” दादा म्हणाला.

“दाराला नवे बांधले,” मी म्हणालो. “वसईहून मिळाले. चर्चमधले आहेत.”

तो गप्प. मला वाटले, ठेवतो आता.

“कुठल्या भाताच्या लोंब्या?” त्याने विचारले. “गरव्या की हळव्या?”

मी जुडीकडे पाहिले. मला काही सांगता येईना.

“विचारून सांगतो,” मी म्हणालो.