हाक मारली, तो आला...

आधीच कबूल करून टाकतो. मी एका पक्ष्याला फसवलंय. तेही दीड हजारांच्या ब्लूटूथ स्पीकरने!

सुरुवात झाली एका व्हिडिओपासून. माझा कॉलेजचा जिगरी दोस्त सध्या अमेरिकेत ऑनसाइट आहे. त्याच्या ऑफिसातला एक गोरा विकेंडला अस्वलांच्या शिकारीला जातो. त्याची क्लिप दोस्ताने मला पाठवली आणि मी ती सकाळच्या फास्ट लोकलमध्ये, दोन बॅगा आणि एका कोपराच्या मधून बघत होतो. तेवढ्यात इअरफोन डिस्कनेक्ट झाला आणि फोनमधून असा काही टाहो फुटला की शेजारचे काका पेपर खाली करून म्हणाले, "अहो, बाळ कुणाचं रडतंय?"

बाळच होतं ते. हरणाचं! म्हणजे आवाज हरणाच्या पाडसाचा, पण फुंकत होता झाडाला टेकून बसलेला एक दाढीवाला. तोंडात छोटीशी प्लॅस्टिकची पिपाणी. त्याला तिकडे 'प्रेडेटर कॉल' म्हणतात. संकटात सापडलेल्या पिल्लाचा आवाज काढायचा, की शिकारी प्राणी आयतं जेवण समजून चालत येतो. क्लिपमध्येही आला. काळं कुळकुळीत अस्वल, झुडपं बाजूला सारत, थेट कॅमेऱ्याकडे. पुढचं मी पाहिलं नाही, दिवा गेला होता आणि ठाण्याची गर्दी आत घुसली होती.

पण डोक्यातून जाईना. त्या रात्री दोस्ताला फोन लावून सगळं खोदून विचारलं. तिथलं काळं अस्वल एरवी गवत, बेरी, मुंग्या असलंच जास्त खातं. पण मेअखेर-जूनमध्ये हरणं वितात, पाडसं गवतात दडून बसलेली असतात आणि अस्वलं ती शोधत फिरतात. म्हणून ही पिपाणी तेव्हाच जास्त चालते. आणखी एक गंमत म्हणजे अस्वलाचं लक्ष पटकन उडतं. आवाज थांबला की तेही थांबतं, दुसरीकडे वळतं. मग फुंकणाऱ्याने फुंकतच राहायचं, फुफ्फुसं फुटेपर्यंत! काही जण म्हणून सरळ रेकॉर्डिंग लावतात. कुठल्या राज्यात काय चालतं त्याचे नियम वेगवेगळे. वाराही सांभाळायचा, कारण त्याचं नाक जबरदस्त. आणि फुंकणारा स्वतःच 'मी जखमी आहे, मला खा' असं ओरडत बसलेला असतो, ते वेगळंच.

मला सगळ्यात आवडलं ते काय, सांगू? शोधत फिरायचं नाही. बोलवायचं.

आता माझी हौस. शिकारबिकार नाही हो, मी फोटो काढतो. खडकपाड्याहून बाइक काढायची, शहाड, म्हारळ, वरप मागे टाकायचं, गोवेलीला मिसळ आणि मग मुरबाडच्या बाजूने बारवीच्या जंगलाकडे. पावसाच्या तोंडावर तिथे नवरंग येतो. नावासारखाच, जणू कुणी रंगपेटी सांडलीय. पोटाशी लालभडक, पाठ हिरवी, पंखावर निळा झब्बू. पण दिसत नाही ना! पालापाचोळ्यात उड्या मारत असतो. पहाटे नि संध्याकाळी दोन सुरांची शीळ तेवढी ऐकू येते. तीन पावसाळे मी फक्त शीळ ऐकून परत आलो होतो.

यंदा जूनच्या शेवटच्या रविवारी स्पीकर घेऊन गेलो. नवरंगाची शीळ नेटवरून उतरवून घेतलेली. पाड्यामागच्या ओढ्याकाठी स्पीकर दगडावर ठेवला, प्ले दाबलं.

दोन मिनिटं. फक्त दोन! समोरच्या फांदीवर साहेब हजर. छाती फुगवलेली, मान वर, शीळ घालतोय. मी खटाखट क्लिक करतोय. तो खाली उतरला, स्पीकरभोवती फिरला, परत फांदीवर. परत खाली. ही माझी जागा, तू कोण, असं काहीतरी चाललं असणार. मी लूपवर टाकलं. वीस-पंचवीस मिनिटं तो त्या डबड्याशी भांडत होता आणि मी दोनशे फ्रेम मारल्या. वरताण म्हणजे मागच्या जाळीतून भारद्वाज निघाला. तांबडे पंख, लाल डोळा, ऐटीत. आमची आजी भारद्वाज दिसला की हात जोडायची, दिवस चांगला जाणार म्हणून. मीही मनातल्या मनात जोडले. प्रमोशनचं चाललं होतं ना!

"काय वाजवतोस रं?"

मागे एक ठाकर बाबा उभे. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, दोन शेळ्या. मी कौतुकाने स्क्रीन दाखवली. त्यांनी फोटोकडे जेमतेम पाहिलं. नजर जाळीकडे.

"तो कुकूडकोंबा तिथून निघाला नं?" म्हणजे भारद्वाज.

"हो बाबा, दिसला. शुभ असतो ना?"

"तुला असंल." काठीने त्यांनी जाळीच्या बुंध्याकडे दाखवलं. काड्या-पानांचा एक गोळा, बाजूला भोक. मी त्याला कचरा समजलो होतो. "ह्याचं घर हाय ते. हा तुझ्याशी भांडत बसला, त्यानं आत जाऊन कार्यक्रम उरकला."

भारद्वाज दुसऱ्यांची अंडी आणि पिल्लं खातो, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. घरट्यात काही होतं की नाही, मी पाहायला गेलो नाही. धीर झाला नाही, खरं सांगतो. स्पीकर बंद करायला मात्र हात थरथरत होते, बटण सापडेना. शीळ चालूच.

बाबा ओरडले नाहीत. बसले, बिडी पेटवली. म्हणाले, "आम्ही पन बोलवायचो. तितराला. तोंडानं. पन खायाला. तू तर खात पन नाहीस."

याला काय उत्तर द्यायचं, सांगा?

घरी येऊन मी वाचत बसलो. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. आमिष दाखवणंही त्यात आहे, पक्ष्याच्या घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणंही. माझा लूप त्यात बसतो का, हे वकील सांगेल. मी काही विचारायला गेलो नाही. जिम कॉर्बेटचीही गोष्ट पुन्हा काढली. १९३८ च्या नोव्हेंबरात ठाकची नरभक्षक वाघीण जोडीदारासाठी हाका मारत होती. कॉर्बेटने नराच्या आवाजात उत्तर दिलं, देत राहिला आणि ती आली. आपल्या यवतमाळच्या अवनीसाठी तर २०१८ मध्ये परफ्यूम शिंपडल्याच्या बातम्या होत्या. तेच, ऑफिसातली पोरं लावतात ते ऑब्सेशन! २ नोव्हेंबरच्या रात्री तिला गोळी घातली. त्या दोघींच्या मागे माणसांचे मृत्यू होते, कुणाला तरी निर्णय घ्यावाच लागला असेल. माझ्या नवरंगाने काय केलं होतं? मला डीपी हवा होता.

फोटो सॉलिड आलाय, हे वाईट. एकदा टाकला होता, सकाळपर्यंत दोनशेवर लाइक. एकीने विचारलं, 'इतक्या जवळून कसा मिळाला?' दुपारी डिलीट केला. तिला अजून रिप्लाय दिलेला नाही.

पुढच्या रविवारी स्पीकर न घेता गेलो. ओढ्याकाठी दोन तास बसलो, जळवा लागल्या, फोटो शून्य. शीळ आली एकदाच, पार पलीकडच्या उतारावरून. तोच की दुसरा, कुणास ठाऊक. बाबा शेळ्या घेऊन आले. मी म्हटलं, "बाबा, ते तितराचं एकदा ऐकवा ना."

आधी नको म्हणाले. मग ओठ आवळून, गळ्यातून कसलासा खरखरीत आवाज काढला. एकदाच. ओढ्यापलीकडच्या गवतातून लगेच उत्तर आलं. मी कॅमेरा उचलला. उत्तर पुन्हा आलं, थोडं जवळून. मी बाबांकडे पाहिलं.

त्यांनी तोंड पुसलं, शेळीला हाकललं आणि चालायला लागले.